खांबाची राखण

बटाट्याच्या सॅलडचं भांडं कमरेशी धरून अक्षया गावच्या हॉलच्या मागच्या दाराने बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. गवतावर दोन लाकडी घोडे तेवढे उभे होते. त्यांच्यावर सकाळपासून आडवा ठेवलेला खांब नव्हता. शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे मुरलीधरराव, मे महिन्याच्या उन्हात कानटोपी घालून, निवांत चहा पीत बसले होते.

"बाबा, खांब कुठाय?"

"नेला ना."

"नेला? कोणी?"

"पोरं आली होती पाच जण. मोठी गुणी. जाताना थँक्यू म्हणाली."

"आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"बघत कसा बसेन बेटा? चुकीचा उचलत होती ना ती. एखाद्याची कंबर गेली असती. मी सांगितलं, बुडाला तिघं लागा, शेंड्याला दोघं, आणि पावलं एका तालात टाका." त्यांनी घोट घेतला. "मग गेला सरसर."

अक्षयाने कपाळाला हात लावला. जन्मभर नागपुरात वीज मंडळाचे खांब उभारलेल्या माणसाला राखणीला बसवायची अक्कल तिचीच! पण हॉलमध्ये सगळीकडे सॉसेजचा धूर, आणि बाबा घरून पोहे खाऊन आलेले. त्यांना बाहेर बसवणं तेव्हा किती सोयीचं वाटलं होतं.

इंग्लंडातल्या रीडिंगजवळच्या या अपर हॅमले गावात घर घेऊन तिला आणि नवऱ्याला, अपूर्वला, चार वर्षं झाली होती. गावाचं जर्मनीतल्या लिंडनहाइड नावाच्या एवढ्याशा खेड्याशी जुनं नातं. एका वर्षी हे तिकडे जात, दुसऱ्या वर्षी ते इकडे येत. या येण्याजाण्याची व्यवस्था बघणाऱ्या कमिटीत अक्षया चार वर्षं खुर्च्या मांडत होती. यंदा पाहुण्यांनी, त्यांच्याकडे दर मे महिन्यात सजवून गावात उभा करतात तसा खांब इथे उभारायचं ठरवलं, त्यासाठी हिरवं तोरण आणि निळ्या-पांढऱ्या फिती बसमधून आणल्या, आणि अध्यक्ष पॅमेलाबाई पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या, "अक्षया, खांब तुझ्याकडे." झालं. एवढं एक काम मिळालं आणि त्याचा असा बट्ट्याबोळ!

त्याहून वाईट म्हणजे हेडविगबाईंना सांगायचं कसं? त्या तिच्याच घरी उतरल्या होत्या. पहिल्या दिवशी वरणभातावर तूप ओतून घेत त्यांनी आपलं गाव टेबलावर मांडून दाखवलं होतं. मिठाची बाटली म्हणजे चर्च, लोणच्याची बरणी म्हणजे सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी, जिथे शनिवारी पाव भाजायला नंबर लावायचा. त्यांचं इंग्रजी सावकाश, बाबांचंही सावकाश, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं.

"आणि हा खांब," चमचा उभा धरून त्या म्हणाल्या होत्या, "उभा करायच्या आधी शेजारच्या गावाने चोरायचा. तशी रीतच आहे. मग आपण बिअर द्यायची, जेवण द्यायचं, आणि चोरांनीच तो परत आणून उभा करायचा."

"पोलीस?" बाबांनी विचारलं.

"छे! पोलीस पण चोरायला यायचे." हसता हसता त्यांनी चमचा आडवा ठेवला. "आता कोणी येत नाही. तरणी पोरं सगळी शहरात. माझा नवरा आणि त्याचा मित्र अजून राखणीला बसतात, मांडीवर घोंगडी घेऊन. सकाळी खांब तिथेच. फार वाईट वाटतं हो."

अक्षयाला तेव्हाही गलबलून आलं होतं. पण इथे ती रीत कोणाला ठाऊक? ही तर सरळ चोरी, आणि तीही यजमानांच्या राखणीतून! भांडं तसंच कमरेशी धरून ती आत गेली, पॅमेलाबाईंना टाळून थेट हेडविगबाईंपाशी पोचली आणि एका दमात म्हणाली, "सॉरी. खांब चोरीला गेला."

हेडविगबाईंच्या हातातला काटा ताटलीत पडला.

"चोरला?"

"हो. मी खरंच..."

"आपला खांब चोरला?" बाई उठून उभ्या राहिल्या. मग आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जर्मनमध्ये काहीतरी आरोळी ठोकली, आणि पाहुण्यांच्या टेबलावर जल्लोष उसळला. म्हातारे टेबल बडवायला लागले. चिमट्याने सॉसेज उलटणारा अपूर्व दचकून मागे सरला. त्याने आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं.

पाचच मिनिटांत शेजारच्या लोअर हॅमले गावच्या पबमधून फोन आला. खांब आमच्याकडे आहे, बोला! हेडविगबाईंनी फोन खेचून घेतला आणि भाजी मंडईतल्या गिऱ्हाइकासारखी घासाघीस केली. दोन पिंपं बिअर? एक! आणि सॉसेज पोटभर. वर त्यांनी अक्षयाला न विचारता तिचे बटाटेवडेही देऊन टाकले.

तासाभराने शेतातून खांब आला. फुटबॉलचं गाणं बेसूर गात, शेंड्याला इंग्लंडचा झेंडा बांधून, बुडाला तिघं, शेंड्याला दोघं, पावलं एका तालात. पॅमेलाबाई अक्षयाचा हात दाबून म्हणाल्या, "कमाल केलीस गं!" अक्षया नुसती हसली. कमाल कसली, तिला काही कळेनासं झालं होतं.

पोरं खांब टेकवून घाम पुसत होती. त्यातलं एक लाल केसांचं पोर खुर्चीपाशी थांबलं.

"ऑल राइट, मुरली?"

"ऑल राइट, ऑल राइट," बाबा म्हणाले आणि एकदम कपात बघायला लागले.

मागच्या दाराशी शेगडी मांडून वडे तळणारी अक्षया वळली. लोअर हॅमलेच्या पोरांना लिंडनहाइडची रीत कोणी सांगितली? आणि काल बाबा बिनसाखरेची बिस्किटं आणायला म्हणून एकटेच बसने तिकडे गेले होते. संध्याकाळी रिकाम्या हाताने आले होते.

"बाबा, काल बिस्किटं..."

तेवढ्यात हॉलच्या दारातून हेडविगबाईंचा आवाज आला. त्या घरी फोन लावून नवऱ्याला सांगत होत्या. ओरडून, कारण त्याला कमी ऐकू येत असावं. एका हाताने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

अक्षयाने तोंड मिटलं. मग झारा हातात घेऊनच ती खुर्चीपाशी गेली, कमरेवर हात ठेवला आणि बाईंना नीट ऐकू जाईल अशा बेताने इंग्रजीत म्हणाली, "एवढं एक काम सांगितलं होतं, बाबा! जरा लक्ष ठेवायला काय झालं होतं?"

मुरलीधररावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कानटोपी काढून मान खाली घातली.

"सॉरी," ते तितक्याच मोठ्याने म्हणाले, आणि चहासाठी कप पुढे केला.