सर म्हणाले, "पुढे"

"खुर्ची दुरुस्तीचा ठराव होऊन दोन वर्षं झाली, आणि मी अजून तिरकाच बसतोय," औषधवाले सदस्य पुटपुटले, ते बरोबर बाईंच्या कानाशी. "उद्या कलंडलो तर लिहा हो बाई, सदस्य सर्वानुमते पडले."

एरवी बाई हसल्या असत्या. नगरपालिकेच्या सभेत काय ठरलं ते लिहून घ्यायचं काम त्या नऊ वर्षं करत होत्या, आणि औषधवाल्यांचे विनोद हाच काय तो त्यातला ओलावा. आज मात्र त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. टेबलाखाली डावा पाय आपला आपण हलत होता.

पर्समध्ये फोन तिसऱ्यांदा थरथरला. ताईचाच असणार. सकाळी ती म्हणाली होती, "अगं, पुलावर कागद चिकटवलाय. सोमवारपासून पाडणार म्हणे! पलीकडच्या बायका आता अर्धा तास वळसा घालून माझ्याकडे कपडे शिवायला येणार होय? दुकानाला कुलूपच लावते मी. तुमच्या सभेत एकानंही तोंड उघडलं नाही का गं?"

"बघते," एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

काय बघणार, कपाळ! तोंड उघडलं नव्हतंच कुणी. आणि ज्या हातानं पुलापुढे "सर्वानुमते मंजूर" लिहिलं, तो हात त्यांचाच होता.

त्याचं झालं असं. अध्यक्ष म्हणजे सर. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलेलं. बाईंचं अक्षर वळणदार झालं तेही त्यांच्याच डोळ्यांच्या धाकानं. तर हे सर वर्षभर सभेत एकच शब्द बोलत. मुख्याधिकारी विषय वाचत, कुणीतरी हो-हो म्हणे, बाई लिहीत, आणि सर म्हणत, "पुढे." सभा कशी चटचट उरकते म्हणून सगळे खूश. पण सरांच्या डाव्या हाताला बसणाऱ्या बाईंना पक्कं ठाऊक होतं, सर बोलणाऱ्याकडे बघतच नाहीत. ते बघतात बाईंच्या पेनाकडे. पेन थांबलं, की "पुढे."

बाकीच्यांना काही कळत नव्हतं असं थोडंच? शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळे हल्ली सरांशी बोलताना नुसत्या माना डोलवत. विषय मात्र कुणी काढत नसे. काहींना सरांची माया, काहींना त्यातली सोय.

मागच्या सभेत मुख्याधिकाऱ्यांनी एका दमात वाचलं होतं, "विषय चौदा, नाल्यावरील जुना पादचारी पूल निष्कासित करणे." जेवायची वेळ झालेली. अर्धी सभा घड्याळात, अर्धी मोबाइलमध्ये. बाईंच्या डोळ्यांसमोर एकदम ताईचं दुकान उभं राहिलं आणि पेन जागच्या जागी थबकलं.

"पुढे," सर म्हणाले.

"विषय पंधरा," मुख्याधिकारी म्हणाले. आणि बाईंच्या हातानं सवयीनं रिकाम्या ओळीत ते दोन शब्द भरून टाकले. नऊ वर्षांत दुसरं काही लिहायची वेळच कुठे आली होती?

"चला, विषय एक." मुख्याधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचलं असं समजू या ना?"

"समजू या," चार-पाच आवाज आले.

एकदा कायम झालं, की मग त्यातला काना-मात्राही हलत नाही. आता पेन थांबणार, सर "पुढे" म्हणणार आणि सोमवारी पुलावर घण पडणार. बाई पडल्या कर्मचारी. सभेत लिहायचं, बोलायचं नाही. त्यांनी पेन कागदाला टेकवलं ते उचललंच नाही.

तारीख लिहिली. वार लिहिला. हजर सदस्य लिहिले, मग गैरहजर लिहिले. सर शांतपणे पेनाकडे बघत बसले. पंखा खडखडत होता. मुख्याधिकाऱ्यांनी हातातला कागद उलटा केला, परत सुलटा केला. औषधवाले डावीकडून उजवीकडे कलले, खुर्ची कुरकुरली.

"अहो बाई, एका ओळीचा विषय आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "कादंबरी लिहिताय काय?"

कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी मान वर केली नाही. सुचेल ते लिहीत सुटल्या: खुर्चीचा पाय, पंख्याची खडखड, खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेला पुठ्ठा. तळहाताला घाम आला होता, अक्षरं फिसकटत होती. लहानपणी असं गिचमिड लिहिलं असतं तर सरांनी पान फाडायला लावलं असतं. नोकरीची भीती होतीच, नव्हती असं नाही. पण या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं, हे त्याहून जड जात होतं.

पान संपत आलं. पान संपलं की पेन थांबणारच. शेवटच्या ओळीत त्यांनी हात आवरला, शाळेतल्यासारखं टपोरं अक्षर काढलं आणि सरांनी तोंड उघडायच्या आत वही त्यांच्यापुढे सरकवली.

"सर, पूल पाडायचा विषय तुम्ही ऐकला होता का?"

सरांनी चष्मा वर ढकलला. शब्दाशब्दाखाली बोट फिरवत एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग बाईंकडे बघितलं. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला की बघायचे, अगदी तसंच.

"सर, जरा घाई आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "कायम म्हणू या ना?"

सर त्यांच्याकडे वळलेच नाहीत. वहीवर तळहात टेकून ते उभे राहिले. आवाज किती चढलाय याचा त्यांचा त्यांना अंदाज नव्हता. बाहेर शिपायालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ते म्हणाले,

"मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. पुलाचा विषय मी ऐकलेला नाही, आणि त्याच्या आधीचा एकही नाही."