स्ट्रोलचे मार्क

ललिता वानखडे मॅडमच्या वर्गात ‘चालणे’ या उत्तराला मार्क नव्हते. अमरावतीच्या एकाच शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं, आणि आठवीच्या पोरांना दरवर्षी एक दिवस बाकं भिंतीला सारून त्या चालायला लावत. पोरानं चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा शब्द पायांनी करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. ट्रज निघालं तर पावसाळ्यात काळ्या रानातून माणूस येतो तसं यायचं, एकेका पायाला शेरभर माती चिकटलेली. शफल म्हणजे पाय न उचलता सपाता घासत. स्टॅगर पोरांना फार आवडे. झोकांड्या खाणाऱ्यांची गावात वाण नव्हती, नमुने रोज रस्त्यावर दिसत. लिंप आणि स्टॅगरमध्ये कोणी गल्लत केली की मॅडम म्हणत, “लंगडणाऱ्याचा पाय दुखते, झोकांड्या खाणाऱ्याचं डोकं फिरते. दोघाले एका मापानं नको मोजू.”

सगळ्यांची दांडी उडे ती स्ट्रोलवर. पोरं खिशात हात घालत, शीळ घालत, आभाळाकडे बघत, आणि मॅडम मान हलवत. “तुह्यं सारं लक्ष पायात हाय. स्ट्रोल करणाऱ्याले आपले पाय आठवत नाई. त्याले इचारलं, कोठी चालला बावा, तर तो म्हणते, कोठीच नाई.” एकानं एकदा विचारलं, म्हणजे शतपावली का? “शतपावली अन्न जिरवाले असते,” मॅडम म्हणाल्या. “स्ट्रोल काहीच जिरवत नाई.” त्यांचा स्वतःचा मुलगा अश्विन याच वर्गात होता. त्यालाही त्यांनी स्ट्रोलवर नापास केलं. घरी त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या, पण मार्क काही वाढले नाहीत.

आता त्याच बाईंवर त्या चिठ्ठ्या एकेक करून उचलायची पाळी आली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, अमरावतीच्या घरात त्या एकट्या राहत. दिवाळीनंतर एका दुपारी स्वयंपाकघरात लकव्यानं त्यांना खाली पाडलं. हाक मारायला तोंड उघडलं तर शब्द निघेना. कोपऱ्यापलीकडे राहणाऱ्या चतुराबाई रोज संध्याकाळी त्यांना फिरायला न्यायला येत, त्या आल्या तेव्हा कुठे कळलं. अश्विन रातोरात येऊन आईला अकोल्याला, आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. ओट्याखाली तासन्तास पडलेली आई त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

वाचा लवकर परतली. डावा पाय मात्र रुसून बसला. होळीपर्यंत शफल झालं. अकोल्याचा उन्हाळा सगळा लिंपमध्ये गेला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत बाई सोफ्यापासून खिडकीपर्यंत पाय ओढत होत्या. व्यायाम करून घ्यायला आचल नावाची मुलगी येई. ती एके दिवशी कौतुकानं म्हणाली, “मॅडम, मस्त चालून राहिल्या तुमी.”

“चालून राहिल्या हे उत्तर नाई,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

सून रश्मी जीव लावणारी होती, नातवंडं गोड होती, ताटात गरम पोळी पडत होती. तरीही ललिताबाईंना रोज संध्याकाळी अमरावतीची आठवण येई, आणि ती आली की घास उतरत नसे. दुसऱ्याच्या घरात माणूस कितीही सुखात असला तरी तो पाहुणाच, मग ते घर पोटच्या पोराचं का असेना, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. म्हणून पोळ्याच्या सुमारास अश्विननं अमरावतीचं घर भाड्यानं द्यायचा विषय काढला तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

“मी जाते म्हणते, अन् तू भाडेकरू आणून राहिला. मले चालता येते आता.”

अश्विननं आईच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, “कोणतं चालणं, मॅडम?”

घरात तो त्यांना कधी मॅडम म्हणत नसे. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “तुले कोणतं पाह्यजे?”

“स्ट्रोल. ज्या दिवशी स्ट्रोल करशीन, त्या दिवशी किल्ली तुह्या हातात. तवरीक नाई.”

पुढच्याच रविवारी सोसायटीच्या अंगणात परीक्षा झाली. ललिताबाईंनी इस्त्रीची साडी नेसली. काठी उजव्या हातात फिरवत, चेहऱ्यावर बेफिकिरी आणत त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. खरोखर सुरेख गेल्या. रश्मीनं टाळ्या वाजवल्या. अश्विन मात्र मान हलवत होता, हुबेहूब त्यांच्यासारखी.

“वॉक,” तो म्हणाला. “एकेक फरशी पाहून पाय टाकला तू.”

बाईंना संताप आला. खोलीत जाऊन दार लावून त्या पलंगावर बसल्या आणि रडल्या. रडण्याचं खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पोरानं अन्याय केला असता तर त्यांनी भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यानं पेपर बरोबर तपासला होता. शिवाय आयुष्यभर आपणही वर्गात स्ट्रोल करून दाखवलं, ते नाटकच होतं, हेही त्यांना त्या दिवशी कळलं. ठरवून केलं की ते हातचं जातं.

भाडेकरू जवळपास ठरला. बँकेतले एक गृहस्थ घर बघायला येणार होते. अश्विन आईला गाडीत घालून निघाला. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, बाई खिडकीबाहेरच बघत राहिल्या. घर उघडलं, झाडून घेतलं. गृहस्थ टेप घेऊन कपाटं मोजू लागले, तशा ललिताबाई बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. आपल्याच घराकडे पाठ करून.

तेवढ्यात चतुराबाई आल्या. डोळे पुसून झाले, एकमेकींच्या तब्येतीची हजेरी झाली, आणि मग चतुराबाईंनी बार्शीटाकळीच्या लग्नाची गोष्ट काढली. भाचीचं लग्न, पंगतीला वांग्याची भाजी, आणि आचाऱ्याचा तिखटावर हात सुटलेला. चहा झाला, बोलणं संपेना. शेवटी चतुराबाई उठल्या. “निघू दे मले, गॅसवर दूध हाय.”

आता पाहुणीला फाटकापर्यंत पोचवायचं, ही रीतच. ललिताबाई उठल्या. पण फाटकाशी आल्यावर कोणती बाई कधी निघाली आहे? तिथे नवरदेवाच्या मामाचा विषय निघाला, आणि तो इतका रंगला की दोघी बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत आल्या.

“चूक आचाऱ्याची नाई,” ललिताबाई म्हणत होत्या. “मामालेच जिभेचा ताबा नाई. तिखट लागलं तर दुसऱ्यांदा कायले घेतली भाजी?”

“अव, पण आहेराच्या टायमाले उचकी लागली ना त्याले.”

दोघी हसल्या. हसतच चतुराबाईंच्या घरावरून पुढे गेल्या. दार उघडं होतं, आत दूध उतू जात असावं. तिकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. छत्री तलावाकडे जाणारा रस्ता लागला, ऊन कलतं झालं. मामाला कसं बजावलं पाहिजे होतं हे सांगायला ललिताबाईंनी काठी उगारली, आणि हात रिकामाच वर गेला.

काठी नव्हती. ती फाटकाला टेकून राहिली होती.

त्या क्षणी त्यांना पाय आठवले. त्यांनी चतुराबाईंचा खांदा धरला आणि वळून पाहिलं. थोड्या अंतरावर अश्विन उभा होता, काठी काखेत धरून. फाटकापासून तो मागे मागे येत होता, आणि त्यानं एकदाही हाक मारली नव्हती. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज त्यानं मास्तरासारखा ठेवला.

“मॅडम, कोठी चालल्या?”

ललिताबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, चतुराबाईंकडे पाहिलं. उत्तर खरंच शोधलं. सापडलं नाही, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“कोठीच नाई.”

अश्विन जवळ आला. खिशातून किल्ली काढून त्यानं आईच्या त्या रिकाम्या हातात ठेवली आणि वर मूठ मिटवली. “पैकीच्या पैकी,” तो म्हणाला. “दुसरी किल्ली मातर चतुरामावशीजवळ राहीन. अन् रोज सकाळी फोन.”

“मंजूर,” बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याहून जास्त हसू येत होतं. अश्विननं काठी पुढे केली, ती त्यांनी मागे सारली. “ती घरी नेऊन ठेव. त्या बँकवाल्याले चहा पाज अन् वाटेला लाव. आमाले वेळ लागन.”

मग किल्ली कमरेला खोचून त्या चतुराबाईंकडे वळल्या.

“हं, उचकी लागली मामाले. मंग काय झालं?”