चुरमुऱ्यांसाठी बांधलेला रॅक

मी गोदामातला रॅक बोलतोय. उभ्यानं नव्हे, आडवा पडून. शिरोलीच्या पुढं हायवेला लागून एक गोदाम आहे, त्याच्या अंगणात मला ढीग करून टाकलंय. खांब एकीकडं, आडव्या पट्ट्या दुसरीकडं. अंगभर तेल, तेलाला चिकटलेली धूळ आणि धुळीवर माशा. त्या दुपारी काय झालं ते मला समजतं, पण अजून पटत नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरात झाला. वेल्डिंगचा निळा उजेड, उडणाऱ्या ठिणग्या आणि मधेच कुणीतरी चहाला मारलेली हाक, एवढंच लहानपणाचं आठवतं. श्रीपालअण्णा स्वतः माप घेऊन आले होते.

"चुरमुऱ्याची पोती ठेवायची हायत," ते म्हणाले. "शेवया, पापड. जड काय न्हाय."

"मग हलकाच करतो की, अण्णा," कारागीर म्हणाला.

तसा मी झालो. बारीक पायांचा, हलक्या अंगाचा. माझ्यासारखेच आणखी काही केले आणि आम्हाला एका ओळीत, एकमेकांना बोल्टनं जोडून उभं केलं. काम माझ्या अंगाला साजेसं होतं. चुरमुऱ्याचं पोतं म्हणजे दिसायला केवढं, पण वजन असून नसल्यासारखं. गोदामातला ज्ञानू दोन्ही खांद्यांवर एकेक पोतं घेऊन यायचा आणि माझ्यावर अलगद टेकवायचा.

ज्ञानू शाहूवाडीकडचा. डोंगरातली भातशेती पावसाळ्यापुरती, म्हणून थोरल्या बहिणीला, धोंडुबाईला, घेऊन, बायकोला गावी ठेवून, इकडं कामाला आला होता. ती चुरमुरे चाळायची, पुडे भरायची. आवाज असा, की रस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं. बहीणभावाचं बोलणं म्हणजे परक्याला भांडण वाटायचं.

"ज्ञानबा, मुंडासं कुठं टाकलंस रं?"

"डोक्यावर हाय की, आक्का! डोळं हायत का गोट्या?"

दुपारी डबा खाल्ला की ज्ञानू माझ्या शेजारच्या बोळात फरशीवर आडवा व्हायचा. तिथं गार असायचं. अण्णा येता-जाता हसायचे, "घोरू नकोस रं, गिऱ्हाईक पळतंय." त्यात काही वावगं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. डोक्यावर चुरमुरे असताना खाली निजलेल्या माणसानं भ्यायचं कशाला?

पुढं अण्णांचे गुडघे गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं, पारसकडं आला. पोरगा वाईट नव्हता. पहाटे यायचा, हमालांबरोबर चहा प्यायचा, कुणाचं पोर आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात न्यायचा. त्यानं तेलाची एजन्सी घेतली. चुरमुरे गेले, तेलाचे डबे आले. मग साबणाची खोकी, मग साखर. पहिल्या दिवशी डब्यांची थप्पी माझ्यावर चढली तेव्हा माझ्या पट्ट्या खाली झुकल्या. कुणी पाहिलंही असेल. पण झुकलेली पट्टी काही दिवसांनी माणसांना सरळच दिसायला लागते.

माणसाला रिकामी जागा बघवत नाही. माझ्या डोक्यावर पत्र्यापर्यंत मोकळी हवा होती. पारसनं वेल्डर बोलावून माझ्यावर आणखी एक कप्पा चढवला आणि कमरेवर हात ठेवून खूश होऊन वर बघत राहिला.

एवढ्या उंचीवर माल चढवायला फोर्कलिफ्ट आली. ती चालवायला हंबीरराव आला. पूर्वी तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, उघड्यावर, ऐसपैस. इथं बोळ अरुंद. एक दिवस मागं घेताना गाडीचा मागचा भाग माझ्या कोपऱ्यातल्या पायावर बसला. गुडघ्यात वाकावा तसा माझा पाय आत वाकला. तळाचा बोल्ट फरशीतनं उपटून वर आला.

हंबीररावानं लपवलं नाही. "मालक, खांबाला लागलं बघा," म्हणून हाक मारली.

पारस आला. त्यानं मला दोन्ही हातांनी धरून हलवलं. माणसं असंच करतात. हातानं हलवून बघतात आणि वस्तू हलली नाही की निर्धास्त होतात. डोक्यावर एवढा भार असल्यावर मी हलणार कसा? भारानंच मला दाबून धरलं होतं.

पारसची बायको ऐश्वर्या केबिनमध्ये बिलं करायची. तीही बाहेर आली. वाकून तिनं माझा पाय नीट बघितला.

"अहो, हा खांब वाकलाय की. आधी ह्याच्यावरचा माल उतरवून घ्या."

"दिवाळीचा माल दारात आलाय. उतरवून ठेवू कुठं? दिवाळी झाली की बदलूया."

"आणि तोवर?"

"तोवर काय होतंय? उभा हाय की!"

पायाखाली एक वीट सारली गेली. विटेवर तोललेल्या त्या पायावर दिवाळीचा माल चढत राहिला. ऐश्वर्यानं पुन्हा एकदा विषय काढला, तेव्हा फोन वाजला आणि बोलणं तिथंच राहिलं.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली होती. फोर्कलिफ्ट बंद होती, हंबीरराव टपरीवर गेला होता. ऐश्वर्या केबिनमध्ये, पारस दारात फोनवर. धोंडुबाई बाहेर नळावर डबे घासत होती. ज्ञानू नेहमीच्या जागी आडवा झाला होता, डोळ्यांवर हात घेऊन.

वारा नव्हता. कुणी धक्का दिला नाही, कुणी माझ्यावर चढलं नाही. कुणी मला शिवलंसुद्धा नाही.

वीट फुटली.

एवढंच. चिरडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि माझा पाय गेला. ज्ञानूनं डोळ्यांवरचा हात काढला. तो उठून बसला एवढं मला दिसलं. मग वरचा कप्पा पुढं आला, डबे सुटले. आम्ही एकमेकांना जोडलेले, म्हणून माझ्या ओढीनं शेजारचा आला, त्याच्या ओढीनं पुढचा. पारसच्या तोंडातनं ओरडणं पुरतं निघायच्या आत सगळी ओळ जमिनीवर होती.

मग शांतता. आणि त्या शांततेत फुटलेल्या डब्यांतनं तेल वाहण्याचा आवाज, बुडबुड, बुडबुड, सगळीकडनं.

"ज्ञानबाऽऽ!" धोंडुबाई आत धावली.

माझ्या खालनं आवाज आला, "आक्का, हाय गं मी. पाय दाबलाय."

तेवढ्यानं सगळे वेडे झाले. पारस तेलात गुडघे टेकून डबे उचलून फेकायला लागला. हात निसटायचे, तो पडायचा, पुन्हा उठायचा. हंबीरराव पळत आला आणि फोर्कलिफ्टवर चढला, पण गाडी सुरू करेना. कुठलं लोखंड उचलायचं? एक उचललं तर दुसरं ज्ञानूवर येणार. तो स्टेअरिंग धरून नुसता बसून राहिला. ऐश्वर्या फोनवर अग्निशमनवाल्यांना पत्ता सांगत होती, तोच तोच, मोठ्यानं, समोरच्याला कळला तरी.

धोंडुबाई एका फटीपाशी तेलातच पालथी पडली होती.

"बोलत ऱ्हा माझ्याशी. भात कापायला जायाचंय न्हवं गावाकडं?"

"जायाचंय की."

"मग? वैनी वाट बघायली असंल."

"व्हय," ज्ञानू म्हणाला. जरा वेळानं, "आक्का, दम घ्याय येत न्हाय गं."

मी हळूहळू खाली बसत त्याच्या छातीवर आलो होतो. माझी एक पट्टी, तीच ती झुकलेली. मला उठायचं होतं. कधी नव्हे ते मला माणसासारखं उठायचं होतं.

त्यानंतर तो बोलला नाही. धोंडुबाई बोलतच राहिली. भाताबद्दल, वैनीबद्दल, शेजारणीच्या म्हशीबद्दल. अग्निशमनचे जवान आले, त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, तर ती त्यांनाच म्हणाली, "सावकाश घ्या रं. दमून गप बसलाय त्यो."

त्यांनी मला कापून ज्ञानूला बाहेर काढलं. एका जवानानं त्याच्या मानेला बोटं लावली, पारसकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

पारस तिथंच बसला, तेलानं निथळत. पोलीस आले, विचारायला लागले. प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "मी हलवून बघितला होता. हलला न्हवता हो."

केस चालू आहे. पारस तारखांना जातो, साहेब विचारतील ते लपवत नाही. श्रीपालअण्णा एकदा काठी टेकत दारापर्यंत आले आणि आत न येताच परत गेले.

पोलिसांनी मला मोकळं केलं, तेव्हा भंगारवाला आकाराम आला. त्यानं माझे खांब पायानं उलटेपालटे केले आणि सरळ दिसणारे वेगळे काढले.

"मालक, हे कशाला मोडताय? रंग मारला की नवं हाय. एक पावणं हायत, त्येंना दुकानात माळा करायचाय. तसंच देऊन टाकतो."

माझ्या सरळ दिसणाऱ्या खांबांतसुद्धा त्या दुपारचा पीळ बसलाय. रंगाखाली तो कुणाला दिसणार?

पोलीस ठाण्यात जबाबावर अंगठा देऊन धोंडुबाई त्या दिवशी गोदामात आली होती. ती पारसशी बोलत नव्हती, कुणाशीच फारसं नाही. आकारामचं ऐकून मात्र ती वळली. आवाज पूर्वीचा नव्हता, हळू होता.

"त्या माळ्याखाली कोण बसणार हाय रं? इचारलंस का त्या पावण्याला?"

आकारामनं खांबावरचा पाय काढला. पारसनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काप," तो म्हणाला. "सगळं काप. परत उभं ऱ्हायाला नको असं बारीक कर."

तुमच्या गोदामात, दुकानात माझे भाऊबंद उभे असतील. एकदा वाकून त्यांच्या पायांकडं बघा. पाय वाकलेला दिसला तर हातानं हलवत बसू नका. आधी खालचं माणूस बाजूला घ्या, मग माल उतरवा, मग बाकीचं बोला. आम्हाला ओरडता येत नाही. येत असतं, तर त्या दुपारी मी अख्खं शिरोली जागं केलं असतं.

आकारामनं गॅसकटर पेटवलाय. पहिला खांब दोन तुकडे होऊन पडला. दुखलं नाही. बरं वाटलं.

"आक्का, ठिणग्या उडायल्यात, मागं सरा," पारस म्हणाला.

"उडू द्यात," धोंडुबाई म्हणाली आणि आकारामला ढिगाकडं बोट दाखवलं. "त्यो तिकडचा खांब ऱ्हायलाय बघ अजून."