मागे आठ पावलं

"चला बाई, पुढे चालून दाखवा," तपासणी मंडळाचे अध्यक्ष चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले.

सव्वीस वर्षं या इस्पितळात सगळे तिला मावशी म्हणत. ट्रॉलीवरचे पेशंट म्हणत, नर्स म्हणत. खुद्द अध्यक्षांचे वडील इथे दाखल होते, तेव्हा तिचं मनगट घट्ट धरून तेसुद्धा मावशीच म्हणाले होते. आज ती एकदम बाई झाली.

मावशीने टेबलाचा आधार सोडला. उजवा पाय उचलायला गेली, तर तो फरशीला खिळल्यासारखा. गुडघा लटलटला आणि पाऊल घासत, आडवं पडत वीतभर सरकलं. तीन पावलांत कपाळावर घाम.

"आता मागे चाला."

मावशी मागे चालली. सरळ, सुरेख, कुठेही न अडखळता.

अध्यक्षांनी बाकीच्या दोन डॉक्टरांकडे पाहिलं. चोर जणू मुद्देमालासकट सापडला होता. दोघे हसले. अध्यक्ष हसले की हसायचं आणि गंभीर झाले की फाइल उघडायची, एवढ्या दोन विद्यांवर त्यांची नोकरी सुखाने चालली होती.

मावशीने काही राज्य मागितलं नव्हतं. ट्रॉली ढकलवत नाही, तर चादरींच्या खोलीत बसून घड्या घालायचं काम द्या, एवढंच. ते नाही मिळालं, तर तिला कामावरून कमी करणार होते. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत होती. त्या म्हणाल्या होत्या, "मेंदू शाबूत आहे, पायही शाबूत आहे. पण निरोप वाटेतच चुकतो. तुम्ही हे मुद्दाम करत नाही." दोन वर्षं नवरा 'मन घट्ट कर' म्हणत होता आणि जाऊ 'कामाचा कंटाळा' म्हणत होती. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचं ते शेवटचं वाक्य ऐकून मावशी तिथेच रडली होती.

अध्यक्षांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "कार्यात्मक हालचाल विकार. कार्यात्मक म्हणजे काय हो? कार्य करणारा. म्हणजे पाय कार्य करतो, असं हीच चिठ्ठी सांगते."

केवढी ही विद्वत्ता. पस्तीस वर्षं डॉक्टरकी करून गृहस्थाने शेवटी शब्दाची फोड केली आणि रोग बरा करून टाकला.

"साहेब, सोंगच करायचं असतं तर मी मागे येतानाही लंगडले असते," मावशी म्हणाली. "इतकं वेंधळं सोंग कोण करतं?"

"ते तुम्हालाच ठाऊक." शिक्का उमटला. "कामास योग्य. उद्यापासून ट्रॉलीवर. जमत नसेल तर राजीनामा द्या."

"आणि ढकलताना पेशंट पडला तर?"

"बाई, दार तुमच्या मागे आहे."

दार आठ पावलांवर होतं. तिकडे तोंड करून घासत गेली असती, तर तिघांना आणखी एक खेळ फुकट बघायला मिळाला असता. मावशी वळलीच नाही. तशीच मागे मागे निघाली.

सव्वीस वर्षं अवघड वळणांवर तिने ट्रॉली अशीच ओढली होती. पायांच्या बाजूने, स्वतः उलटं चालत. म्हणजे पेशंटचा चेहरा समोर राहतो, घाबरला तर लगेच कळतं. आताही तिची नजर एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरली. ते दोघे फाइलीत शिरले. अध्यक्षांनी कप तोंडाला लावला. कप रिकामा होता. मग ते पेनाचं टोपण शोधू लागले. ते पेनालाच होतं.

मागे न बघता मावशीच्या हाताला कडी बरोबर सापडली.

"घाबरू नका हं," ट्रॉलीवरच्या माणसाला म्हणायची तसंच ती हळू म्हणाली, आणि आवाज न करता तिने दार लावून घेतलं.