आमचे हे

चिठ्ठीवरच्या शेवटच्या नावापाशी मनकर्णाबाई थांबली, तिने पदर सावरला आणि माइकमध्ये म्हणाली, "आणि... आमचे हे."

क्षणभर कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांनीही श्वास रोखल्यासारखं झालं. मग शेडभर हसू फुटलं. कापूस निवडणाऱ्या तानाबाईला तर ठसकाच लागला.

सेलूच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये लाउडस्पीकर आला तो सत्त्याहत्तरच्या हंगामात. त्याआधी उशिरा येणाऱ्याला मुकादम शिव्या घालायचा आणि प्रकरण दोघांतच मिटायचं. मॅनेजर भैय्याजींनी नागपुरात कुठेतरी पाहिलं आणि शेडच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर टांगले. दुपारी रेडिओची गाणी, सकाळी भोंग्यानंतर उशिरा आलेल्यांची नावं. लोक वेळेवर येऊ लागले, हे खरं. पण एरवी एकमेकांना सांभाळून घेणारी माणसं आता एकमेकांच्या नावासाठी कान टवकारून उभी राहू लागली.

सातवी शिकलेली, आवाज खणखणीत, म्हणून कापूस निवडणाऱ्या बायांतून मनकर्णाबाईला उचलून माइकवर बसवलं होतं. नवरा महादेवराव तिथेच फिटर. घरच्या म्हशीचं दूध वर्ध्यात घालून तो सायकलने यायचा, आणि त्या आठवड्यात त्याला रोज उशीर होत होता. त्याचं नाव तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं. आधी ती ते गाळून मोकळी झाली. "घरच्या माणसाले सूट हाय का?" अशी कुजबुज उठली, म्हणून आज हे असं झालं.

दुपारपर्यंत महादेवराव साऱ्या जिनिंगचाच 'आमचे हे' झाला होता.

"ओ आमचे हे, पाना द्या ना जरा!"

भैय्याजींनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, उद्यापासून नाव सरळ घ्यायचं. नसन जमत, तर परत कापूस निवडाले जा. मी तरी काय करू?"

परत तिथे. कापसाचं ते तूस छातीत बसून ती रात्र रात्र खोकायची. माइकवर आल्यापासून खोकला गेला होता.

घरी महादेवराव जेवला. हात धुताना म्हणाला, "लोक हासून राह्यले मले."

"जीभच उचलत नाई माही, तं का करू?"

"उद्या मी वेळेवर जातो. मंग तुले नाव घ्यायचं कामच नाई."

ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "नाव आलं नाई तं लोक म्हणतीन, पुन्हा गाळलं. भैय्याजीबी तेच म्हणतीन."

चुलीच्या धुराने तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्याने वळून पाहिलं.

सकाळी ती उठली तर म्हैस दोहून झाली होती आणि अंगणात सायकल नव्हती. बसने जिनिंगला पोचून ती माइकपाशी बसली. खिडकीतून फाटक दिसे, आणि पलीकडची चहाची टपरी. टपरीला त्याची सायकल टेकलेली होती. तो बाकावर कप धरून बसला होता. फाटकातून माणसं आत येत राहिली, फाटक रिकामं झालं, तरी तो उठेना. भोंगा वाजला. वाजून थांबला. मग त्याने कप खाली ठेवला, धोतराचा सोगा झटकला आणि सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडला.

टाइमकीपर चिंधूने चिठ्ठी आणून ठेवली.

"आज एकच नाव हाय, वैनी," तो म्हणाला, आणि मजा पाहायला दारातच थांबला.

तिने बटण दाबलं. शेडमध्ये सगळे हसायच्या तयारीत होते.

"फिटर खातं," ती म्हणाली. "महादेवराव नानाजी उमाटे."

नवऱ्याबरोबर सासऱ्याचंही नाव त्यात येऊन गेलं, पण तिचा आवाज कुठे अडला नाही. हसलं कुणीच नाही. लांब यंत्रांच्या बाजूने, घरातून कुणी हाक मारावी आणि माणसाने द्यावी तशी, तेवढी एक ओ आली.

संध्याकाळी दोघं सायकल हातात धरून रस्त्याने निघाली. बरंच चालून झाल्यावर तिने विचारलं, "त्या टपरीवरचा चहा बरा असते का हो?"

"बेकार," महादेवराव म्हणाला. "दोन कप प्या लागला."