माझ्या पोटात ठोकलेली पाचर

मी एका जुन्या मालट्रकचा मागचा डिफरन्शियल आहे, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला दातेरी चक्रांचा डबा. मला राग आला की मी तो गिळत नाही, हे आधीच सांगतो.

मित्रांनो, खळ्यात मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, मळणीच्या बैलांची पात फिरताना तुम्ही पाहिली असेल. मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय टाकतो, कडेच्याला मात्र पळावं लागतं. वळणावर गाडीच्या चाकांचंही तेच. आतल्याची वाट लहान, बाहेरच्याची मोठी. माझे दाते आतल्याला हळू आणि बाहेरच्याला जोरात फिरू देतात.

लढाई संपल्यावर लष्कराने आमचा ट्रक विकला, तो जालन्याच्या काकासाहेबांनी घेतला. पुढच्या दोन चाकांमध्ये माझा धाकटा भाऊ, पुढचा डिफरन्शियल, होता. "पुढं कशाला हे ओझं?" म्हणत त्यांनी त्याला भंगारात घातलं. ते मी लक्षात ठेवलं.

मला जपलं लालमियाँ मिस्त्रीने. एकदा अंबडहून सरकी आणताना डावं चाक नाल्याच्या गाळात रुतलं. माझी एक खोड कबूल करतो. ज्या चाकाला पकड नाही, तिकडेच माझं बळ वाहून जातं. डावं गरगर फिरलं, उजवं सडकेवर ढिम्म.

"मिस्त्री, एकच चाक फिरून राह्यलं!" काकासाहेब ओरडले.

"मालक, ते तसंच असतंय. पुढचा काढला नसता तर पुढच्या चाकांनी वढलं असतं."

"मला शिकवतो व्हय रे?"

जुन्या जालन्यात भर बाजारात त्यांनी लालमियाँची हत्यारं रस्त्यावर फेकली. "चोर हाय हा! दाते काढून इकतो!" त्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी टांग्याचं चाकसुद्धा आणेना. मग दोन्ही चाकं बराबर फिरावीत म्हणून काकासाहेबांनी लोहाराकडून माझ्या दात्यांत लोखंडी पाचर ठोकून घेतली.

सरळ सडकेवर मी गप्प राहिलो. पण बाजाराच्या गल्लीत भरला ट्रक वळला, तेव्हा चाकं फरफटली, टायर किंचाळले. मी सगळा जोर लावला. एक्सल कडाडून मोडला. माझेही दोन दाते उडाले. उडोत!

लालमियाँला बोलावणं गेलं. त्याने मला उघडलं, पाचर उपसून वर धरली. "बघा, दाते कुनी खाल्ले!"

"झालं ते झालं," काकासाहेब पुटपुटले. "जल्दी कर, गल्ली अडून राह्यली."

"चोर म्हनल्ते ना, तेवढ्याच आवाजात सांगा, लालमियाँ चोर न्हाई."

काकासाहेबांनी ओठ हलवले.

"मोठ्यानं हो काकासाहेब," भाजीवाली झुंबरबाई म्हणाली, "हिकडं ऐकू येत न्हाई!"

तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा तर दुकानदार गाद्या सोडून बाहेर आले. लालमियाँने शांतपणे हत्यारं डब्यात भरली आणि तो चालू लागला.

"अरे, गाडी?"

"लोहाराला बलवा."

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या. जाणत्याला विचारल्यावाचून यंत्राच्या पोटात काही ठोकू नका. माझे ते दोन दाते पुन्हा कुणी बसवले नाहीत. मला त्याचं बिलकुल वाईट वाटत नाही.