चारशे बारा पानांत नसलेलं गाव

मी इतिहासाचा ग्रंथ बोलतोय. ग्रंथ म्हटल्यावर लगेच काचेचं कपाट डोळ्यांपुढे आणू नका. कोल्हापुरात फुलेवाडीच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर, मी दोन वर्षं टॅबला टेकू देऊन उभा होतो. जाडी चारशे बारा पानांची, पुठ्ठा दणकट, टॅब घसरायची भीती नाही. घरातल्या सूनबाईंनी मला हातात तोलून बघितलं आणि म्हणाल्या, "हे बरं हाय. स्टँड आणायला नको." माझं याहून मोठं कौतुक त्या घरात कुणी केलं नाही, आणि मीही आशा सोडली होती.

जन्म माझा एका छोट्या छापखान्यातला. एका निवृत्त मास्तरांनी वीस वर्षं पायपीट करून जिल्ह्याचा इतिहास लिहिला, छापून घेतला आणि मग घरात गठ्ठे रचून ठेवले. खपलो आम्ही थोडेच. मी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडजवळ एका दुकानात पंचांगं आणि गाईडं यांच्यामध्ये चार वर्षं धूळ खात पडलो होतो.

तिथून मला उचललं आण्णांनी. आण्णा तेव्हा एसटीत कंडक्टर. आजऱ्याची गाडी लागायला वेळ होता म्हणून दुकानात शिरले, मला घेतलं आणि सरळ मागची गावांची सूची उघडली. बोट वरून खाली फिरवलं. मग खालून वर फिरवलं. त्यांना हवं ते गाव सूचीत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "न्हाय तर ठेवा की पावणं." आण्णा म्हणाले, "असंल की आत कुठंतरी. एवढं जाड हाय."

नव्हतं हो. मी तेव्हाच सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं. गाडी सुटायची वाट बघत, डेपोत डबा खाताना, आण्णांनी मला अकरा महिन्यांत पान न् पान वाचून काढलं. दोनशे सदतिसाव्या पानावर एक ओळ सापडली: 'या धरणात सहा गावे बुडाली.' बस. सहा गावं, पण नाव एकाचंही नाही. आण्णांनी ती ओळ दोनदा वाचली. मग खिशातून तिकिटाला भोक पाडायचा पंच काढला आणि त्या ओळीशेजारी, समासात, कटकन एक भोक पाडलं. मला दुखलं, पण मी कुरकुर केली नाही. राजांच्या लग्नांच्या तारखा माझ्यात घरच्या पंगतीसारख्या वाढून ठेवलेल्या, आणि सहा गावांची नावं लिहायला शाई पुरली नाही, तर असा ग्रंथ भोक पाडून घ्यायच्याच लायकीचा.

त्या सहांतलं एक गाव आण्णांचं. राधानगरीच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. गाव उठलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.

पुढं आण्णा रिटायर झाले, मुलाकडे कोल्हापुरात आले, त्यांच्या ट्रंकेतून मीही आलो. मुलगा विश्वजित, फौंड्रीत सुपरवायझर. सून क्रांती. नात संयोगिता, सातवीत. या संयोगितेला तोंड फार. म्हणजे चांगल्या अर्थानं. शाळेत इतिहासाच्या तासाला तिनं विचारलं, "लढाई झाली त्या गावातल्या लोकांनी त्या दिवशी काय केलं?" बाईंनी सांगितलं, पुस्तकात नाही ते परीक्षेत येत नाही. तिनं पुन्हा विचारलं. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, आणि त्या वर्षात असं चार वेळा झालं.

क्रांतीबाई तडक शाळेत गेल्या आणि पोरीचा दाखला घेऊनच परत आल्या. विश्वजितनं कपाळाला हात लावला. "घरात शाळा? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय बी म्हणू दे. प्रश्न विचारला म्हणून माझ्या पोरीला उन्हात उभी करत्यात! मी शिकवतो तिला. घरात बसून, पायजे तेवढं विचारू दे." क्रांतीबाई रागात असल्या की अशा पुरुषासारख्या बोलतात.

मला त्या दिवशी त्या बाईचा अभिमान वाटला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल.

फ्रिजवर वेळापत्रक चिकटलं. सकाळी ऑनलाइन इतिहास. दुपारी चार ते पाच पुस्तक आणि आण्णा. दोन्हींचा मेळ घालायचा, क्रांतीबाईंनी खाली लाल पेनानं लिहिलं होतं: 'दोन्ही सारखं महत्त्वाचं.' आणि सुरुवातीला खरंच सारखं होतं. टॅबमधले सर हुशार होते, माझ्यासारखे रुक्ष नव्हते. पडद्यावर नकाशा हलायचा, सैन्य घाट उतरायचं. मला कुठलं जमतंय तसलं! चार वाजता टॅब मिटायचा, मग मला आडवं करायचे आणि आण्णा पाटावर बसून सांगायचे.

एक दिवस संयोगितानं ते भोक बघितलं. "आण्णा, हे काय?"

"ते आमचं गाव," आण्णा म्हणाले.

पोरगी सोडते काय! कुठं होतं, किती घरं होती, कुणी उठवलं, तुम्ही रडला का. आण्णा उत्तरं द्यायला लागले तशी ती वही आणायला पळाली. आण्णांनी थांबवलं. "वही हरवती. ह्येच्या मागं चार कोरी पानं हाईत, त्यात लिव्ह. ह्येनं आमचं गाव घेतलं न्हाय, तवा ह्येनंच जागा द्यायची."

माझ्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिल टेकली तेव्हा मला काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. एवढी वर्षं मी इतिहासाचा ग्रंथ म्हणून मिरवलो, पण इतिहास माझ्यात उतरताना मी पहिल्यांदा बघितला. विहीर कुणाच्या मळ्यात होती. शेवटच्या आठवड्यात लोकांनी घरांची दारं, चौकटी उखडून बैलगाड्यांत कशा भरल्या. नव्या जागेवर सावलीला एक झाड नव्हतं म्हणून बायांनी लुगडी बांधून सावली केली. असं करत साडेतीन पानं भरली. आण्णा रोज थोडंच सांगायचे. थांबायचे, चष्मा पुसायचे. त्यांनी हे जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात त्या ऑनलाइन वर्गानं एक ज्योत काढली. रोज हजर राहिलं की पडद्याच्या कोपऱ्यात छोटी ज्योत पेटायची आणि तिच्याखाली सलग दिवसांचा आकडा. एक दिवस चुकला की शून्य. शंभर दिवसांना प्रमाणपत्र. आणि उजळणीचा जादा तास ठेवला, नेमका दुपारी चारचा.

क्रांतीबाईंना काय सांगायचं! नातेवाइकांनी दोन वर्षं टोचून टोचून त्यांना हैराण केलं होतं. 'शाळा सोडवलीस, आता काय करणार पोरगी?' त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि ज्योत फोनवर पाठवता येते. आण्णांची साडेतीन पानं पाठवून कुणाला पटणार होतं? चारचा तास 'एवढे काही दिवस' म्हणून टॅबकडे गेला. दोन्ही सारखं महत्त्वाचं हे वाक्य फ्रिजवर तसंच राहिलं.

ज्योतीच्या ब्याण्णवाव्या दिवशी, चारच्या आधी थोडा वेळ मोकळा होता म्हणून आण्णा सांगत होते आणि संयोगिता लिहीत होती: 'गाव सोडायच्या दिवशी आत्ती झुंबरबाई घरातनं निघंना. एकटी बाई, आतून कडी घालून बसली. पाणी पांदीच्या वाटेपर्यंत आलेलं. बा दारापाशी गेला. दार वाजवलं न्हाय. चौकटीला कपाळ लावलं आणि म्हणाला–'

टॅब वाजला. चार वाजले होते.

"आण्णा, थांबा हं. वीसच मिनटं. ज्योत जाईल हो."

"जा जा," आण्णा म्हणाले. "मी कुठं पळून चाललोय."

वीस मिनिटांचा तास झाला, तासाचे सात दिवस झाले. आण्णा रोज चारला दाराशी येऊन बघायचे. "मोकळी हाईस का गं पोरी?" पोरगी कानात वायर घालून मान हलवायची. आण्णा चहा घेऊन परत जायचे. मी तिथंच होतो, टॅबच्या पाठीला पाठ लावून. माझ्या पोटात ते 'म्हणाला' तसंच लटकत होतं.

मग खंडेनवमी आली. ऑनलाइन वर्गाला सुट्टी, ज्योतीलाही सूट. विश्वजितनं फौंड्रीतले पाने-पकडी, स्कूटर, सगळं धुऊन मांडलं. क्रांतीबाईंनी पाटावर टॅब ठेवला, शेजारी मला ठेवलं. दोघांना हळदकुंकू, दोघांवर झेंडूचं एकेक फूल. पोरगी दिवसभर मोकळी. आण्णा अंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून आले आणि म्हणाले, "संयोगिता, आज मोकळी हाईस नव्हं? ते अर्धं राहिलंय, सांगू का?"

ती आनंदानं उठली, मला उचलायला हात पुढं केला.

"अगं अगं!" क्रांतीबाई ओरडल्या. "पूजेतलं पुस्तक उचलू न्हाय! आज वाचायचं न्हाय, लिहायचं न्हाय, पेन्सिलीला बी हात लावायचा न्हाय. आण्णा, तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय? उद्या सोनं लुटलं की सांगा की निवांत."

"खरं हाय, खरं हाय," आण्णा म्हणाले आणि माझ्यापुढं हात जोडले.

माझी पूजा मांडली होती म्हणून मला उघडलं नाही. आयुष्यात माझ्यावर इतकं कुंकू कधी पडलं नव्हतं. ते फूल मला आजही सोसत नाही.

दसऱ्याला पाहुणे आले, सोनं देता-घेता दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांच्या हातातून चहाची कपबशी पडली, आणि ती उचलायला ते वाकलेच नाहीत. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून अठरा दिवसांनी घरी आले तेव्हा डोळ्यांत सगळं होतं, जिभेवर दोनच शब्द उरले होते: व्हय आणि न्हाय; डाव्या हातात पेन्सिल दिली तरी अक्षर जुळेना. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू शब्द, न आले तर न येतील. त्यांना सांगायला काय जातंय.

दरम्यान शंभर दिवस पुरे झाले. प्रमाणपत्र आलं, त्यावर इतिहासाच्या चाचण्यांत राज्यात अकरावा नंबर. क्रांतीबाईंनी ते छापून आणलं, आण्णांच्या खाटेसमोर भिंतीला लावलं आणि सगळ्यांना फोन केले. शेवटचा फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसून रडायला लागल्या. "मी तिला शाळेतनं काढली ती प्रश्न विचारता यावं म्हणून," त्या विश्वजितला म्हणाल्या. "आणि तिला उत्तर मिळत होतं तवा मीच थांबीवलं." विश्वजित फौंड्रीत निघून गेला.

आता टॅब स्टीलच्या डब्याला टेकवतात. मी आण्णांच्या उशाशी असतो. फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलंय, पण रोज चारला संयोगिता येते, मला शेवटच्या पानावर उघडते आणि ते वाक्य मोठ्यानं वाचते. मग विचारते. दिवसाला तीनच प्रश्न, कारण त्यापुढं आण्णा थकतात.

"दार उघड म्हणाला?"

"न्हाय."

"पाणी आलं म्हणाला?"

"न्हाय."

"तू आली न्हाईस तर मी बी जात न्हाय, असं म्हणाला?"

आण्णा तोंड उघडतात, ओठ जुळवून बघतात. मग तेच. "न्हाय."

महिना झाला. नव्वद 'न्हाय' झाले असतील. पोरीला आता कळून चुकलंय, की व्हय-न्हायवर फक्त तेच मिळतं जे आपल्याला आधीच सुचलेलं असतं. चौदा वर्षांच्या पोरानं बापाच्या तोंडून त्या दिवशी काय ऐकलं, ते फुलेवाडीतल्या पोरीला सुचणार तरी कुठून? ते माझ्यात नाही. टॅबमध्ये तर नाहीच नाही. ते एकाच जागी आहे, आणि ती जागा रोज चारला आमच्यासमोर डोळे उघडे ठेवून पडलेली असते.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. पोरांना माझ्याकडून शिकवा, पडद्यावरून शिकवा, दोघांच्या वेळा वाटून घ्या, माझी काही तक्रार नाही. पण घरातलं म्हातारं माणूस दाराशी येऊन 'मोकळी हाईस का' म्हणून विचारत असेल, तर आम्हा दोघांना खुशाल मिटा. माझ्यावर फूल असलं तरी मिटा. मी रुसणार नाही.

काल तिनं तीन प्रश्न विचारून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली. आण्णांचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि चौथा प्रश्न विचारला.

"आण्णा, त्या दिवशी मी थांबा म्हटलं, ते माझं चुकलं का?"

"न्हाय," आण्णा लगेच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "न्हाय, न्हाय." डाव्या हातानं तिचं डोकं जवळ ओढलं.

पण रोज तीनदा तोच शब्द ऐकणाऱ्या पोरीला तो खरा वाटला नाही. तिनं मला मिटलं आणि ती बाहेर जाऊन बसली.